करावे तसे भरावे, पण किती?

'करावे तसे भरावे' ही म्हण आपण इतक्या सहजपणे तोंडावर फेकतो, की तिच्यात एक प्रश्न अर्धवट राहून गेला आहे हे ध्यानातच येत नाही. करावे तसे भरावे हे खरे. पण किती भरावे? पोराने दुधाचे पातेले लवंडले तर एक धपाटा पुरे, की दोन दिवस उपाशी ठेवायचे? कुळाचे शंभर रुपये थकले तर व्याज किती लावायचे आणि रान किती लिहून घ्यायचे? चुकीला काही प्रायश्चित्त असावे, याविषयी माणसांत फारसे दुमत नसते. भांडण होते ते मापावरून. धर्मशास्त्रांनी हे माप सांगितले, न्यायालयांनी सांगितले, शाळामास्तरांनी आपापल्या छडीने सांगितले. पण गेल्या साठ वर्षांत या मापाचा सर्वांत काटेकोर विचार कोणी केला असेल तर, माझ्या मते, मोटारींच्या शर्यतीचे ट्रॅक बांधणाऱ्या इंजिनिअरांनी.

वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल. मोटारशर्यत म्हणजे गर्भश्रीमंतांचा पोरखेळ. पेट्रोल जाळायचे, टायर झिजवायचे आणि निघालो तिथेच परत यायचे. त्यात कसले तत्त्वज्ञान? मीही त्या खेळाचा भक्त नाही. परंतु शर्यतीचा आधुनिक ट्रॅक ही एक विलक्षण वस्तू आहे. माणूस चुकणार, हे गृहीत धरून बांधलेला तो रस्ता आहे. प्रत्येक वळणापाशी कोणीतरी बसून विचार केलेला असतो, की हा इथे चुकला तर त्याचे काय व्हावे. आपण राहतो ती घरे, शिकतो त्या शाळा, जातो त्या कचेऱ्या यांच्याविषयी इतका विचार कोणी केला असेल असे मला वाटत नाही.

हा विचार पूर्वी नव्हता. शर्यती सुरू झाल्या त्या गावोगावच्या रहदारीच्या रस्त्यांवर. १९०७ साली इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे खास शर्यतीसाठी काँक्रीटचा ट्रॅक बांधला गेला, १९२७ साली जर्मनीच्या आयफेल डोंगरात न्यूरबुर्गरिंग झाला. पण तिथेही विचार होता तो वेगाचा आणि तिकिटांचा. चुकलेल्या माणसाचा विचार त्याने स्वतः करावा, अशी रीत होती. बेल्जियममधील स्पाचा जुना ट्रॅक चौदा किलोमीटरांचा, साध्या रस्त्यांवरून गेलेला. कडेला झाडे, तारेचे खांब, शेतकऱ्यांची घरे, गोठे. १९६६ सालच्या जूनमध्ये तिथे पहिल्याच फेरीत पाऊस कोसळला आणि जॅकी स्टुअर्ट या स्कॉटिश चालकाची गाडी ताशी अडीचशेहून अधिक वेगात रस्ता सोडून एका शेतघराच्या आवारात जाऊन पडली. गाडी चेपली, तिच्यात तो अडकला, टाकी फुटून अंगावर पेट्रोल साचत राहिले. एक ठिणगी पुरे होती. त्याला सोडवायला आले ते वैद्यकीय पथक नव्हे. त्याच पावसात रस्ता सोडून गेलेले ग्रॅहॅम हिल आणि बॉब बाँडुरंट हे दोन चालक आले. स्टिअरिंग काढायला पाना हवा होता, तो एका प्रेक्षकाच्या गाडीतून मागून आणावा लागला. त्यात वीस-पंचवीस मिनिटे गेली. पुढे त्याला दवाखान्यात नेणारी रुग्णवाहिका वाट चुकली.

त्यानंतर स्टुअर्ट आपल्या गाडीत स्टिअरिंगपाशी चिकटपट्टीने एक पाना बांधून ठेवू लागला. जगातल्या सर्वांत महागड्या खेळात माणसाच्या जिवाची तजवीज म्हणजे हा एक पाना. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. कमरपट्टे सक्तीचे करा, कडेला कठडे घाला, डॉक्टर आणि आग विझवणारी माणसे नेमा, नाहीतर आम्ही शर्यत पळणार नाही, असा हट्ट त्याने धरला. १९६९ साली स्पाची शर्यत झाली नाही. १९७० साली चालकांनी न्यूरबुर्गरिंगला नकार दिला. तिथली झाडेझुडपे मागे हटवून कठडे घातले, तेव्हा पुढल्या वर्षी ते परतले. तीन वेळा जगज्जेता झालेला हा माणूस भित्रा होता असे म्हणण्याची सोय नव्हती. तरीही ते म्हटले गेलेच.

म्हणणाऱ्यांत सर्वांत धारदार लेखणी होती डेनिस जेंकिन्सन यांची. ते इंग्रजी मोटारपत्रकार. या सुरक्षेच्या हट्टाने खेळाचा प्राण जातो आहे, असे त्यांचे मत. त्यांना आरामखुर्चीतले शूर म्हणून उडवून लावता येत नाही. १९५५ साली इटलीतील मिल्ले मिग्लिया या हजार मैलांच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉस यांच्या शेजारी, हातात रस्त्याच्या टिपणांची गुंडाळी धरून, ते दहा तास बसले होते. जीव पणाला लावणे म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते का?

आपल्याकडे डोंबारी दोरावर चालतो. त्याच्या खाली जाळे बांधले तर त्याच्या पावलांतले कौशल्य तसूभरही कमी होत नाही. तोल तोच, काठी तीच, दोर तेवढाच ताणलेला. पण आपल्या छातीत होणारी धडधड थांबते आणि ताटलीत पडणारी नाणी कमी होतात. मग आपण नाणे टाकत होतो ते कशासाठी? तो चालला म्हणून, की पडून मेला असता तरी मेला नाही म्हणून? जेंकिन्सनांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत नव्हे, पण त्याचे सार घेऊन मांडायचे तर असे मांडता येईल: ज्या चुकीला किंमत नाही, ती टाळण्याला मोल नाही. शंभर फूट खोल दरीच्या काठाने जाणाऱ्याचे लक्ष आणि मैदानावरून जाणाऱ्याचे लक्ष एकच नसते. भय माणसाला एकाग्र करते. हा विचार मला फेटाळून लावता येत नाही. कोणत्याही कलेत, परीक्षेत, अगदी संसारातसुद्धा, परत न फिरवता येणारी पावले टाकावी लागतात म्हणूनच माणूस जपून टाकतो.

पण या विचाराला एक भोक आहे. आपला जीव पणाला लावणारा आपल्या मर्जीने लावतो, हे ठीक, बाकीच्यांचे काय? ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मान्स येथे पिएर लेव्हेग यांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचे जळते तुकडे गर्दीत घुसले. ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. तिकीट काढून पोराबाळांसह आलेली माणसे आणि ताशी अडीचशेने धावणाऱ्या गाड्या यांच्यामध्ये मातीचा एक बुटका बांध होता. दोन वर्षांनी त्याच मिल्ले मिग्लियात एक गाडी रस्त्याकडेच्या लोकांत शिरली. मेलेल्यांत पाच मुले होती. हजार मैलांची ती वेगाची शर्यत त्यानंतर बंदच झाली. मुलांना विचारले होते कोणी? निपाणी-चिक्कोडीकडच्या जत्रांतून बैलगाड्यांच्या शर्यती पाहिलेल्यांना हा मुद्दा परका वाटू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्या बंद केल्या आणि २०२३ साली राज्यांचे सुधारित कायदे ग्राह्य धरून त्यांची वाट मोकळी केली. मधल्या काळात परंपरेची बाजू मांडली गेली, शेतकऱ्याच्या हौसेची मांडली गेली. सारा वाद शेवटी येऊन थांबत होता तो बैलाच्या संमतीपाशी.

आणि ज्याने संमती दिली आहे त्याच्याविषयी आपले कर्तव्य संपते का? १९७३ साली हॉलंडमधील झांडफूर्ट येथे रॉजर विल्यमसन या तरुण चालकाची गाडी उलटून पेटली. तो आत जिवंत होता. डेव्हिड पर्ली हा दुसरा चालक आपली गाडी थांबवून धावत गेला आणि एकट्याने ती जळती गाडी उलथून टाकायची धडपड करू लागला. जवळ उभ्या असलेल्या स्वयंसेवकांकडे आगीत शिरण्याजोगे कपडे नव्हते. शर्यत थांबली नाही. बाकीचे चालक शेजारून जात राहिले. त्यांना वाटले, जळणाऱ्या गाडीतला माणूस बाहेर पडला आहे आणि तोच धडपडतो आहे. विल्यमसन गेला. पर्लीला शौर्याचे जॉर्ज पदक मिळाले. त्या प्रसंगात दुष्ट असे कोणीच नव्हते. चालक निर्दय नव्हते, स्वयंसेवक भ्याड नव्हते. मरणाची तजवीज नसणे, हीच तिथली व्यवस्था होती. त्याच वर्षी आपला सहकारी फ्रान्स्वा सेव्हेर सरावात मेल्यावर स्टुअर्टने आपल्या शंभराव्या शर्यतीआधी हा खेळ सोडला.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' या म्हणीइतके शर्यतीच्या ट्रॅकचे नेमके वर्णन नाही. आधुनिक ट्रॅकवरील प्रत्येक कठड्याखाली कोणीतरी एक पुढचा गाडलेला आहे. आता जगातल्या वरच्या दर्जाच्या शर्यतीसाठी ट्रॅक बांधायचा तर रुंदी निदान बारा मीटर लागते, एकही सरळ पट्टा दोन किलोमीटरांहून लांब चालत नाही. वळणाच्या बाहेर मोकळी जागा किती सोडायची, हे तिथे गाडी किती वेगाने येईल याचा हिशेब करून ठरते. त्या जागेत काय घालायचे, हे शास्त्रच आहे. पूर्वी खडी घालत, आजही घालतात. आपल्या खडीफोडणीवरची अणकुचीदार खडी नव्हे, कारण ती एकमेकींत अडकून घट्ट बसते. तिथे लागतात ते गोल, गुळगुळीत, वाटाण्या-बोराएवढे गोटे. त्यांत चाक रुतते, गाडीचा वेग ती जागा गिळून टाकते. त्यामागे टायरांची भिंत. टायर एकमेकांना बोल्टांनी जखडलेले आणि पुढून साखर कारखान्यात असतो तसा जाड रबरी पट्टा ओढलेला, म्हणजे गाडीचे नाक टायरांत घुसून अडकू नये. ठिकठिकाणी झेंडेवाले, आगवाले, डॉक्टर. हेलिकॉप्टर उडू शकत नसेल इतके धुके असेल तर गाड्याही सुटत नाहीत. वर्षाकाठी काही कोटी डॉलर मिळवणारा चालक गॅरेजमध्ये बसून राहतो, कारण तो जखमी झालाच तर नेणार कसा?

भारतात असा ट्रॅक झाला तो दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला. बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हे त्याचे नाव. तथागतांचा आणि ताशी तीनशे किलोमीटरांचा काय संबंध, ते नाव ठेवणारे जाणोत. हेर्मान टिल्के या जर्मन वास्तुकाराने त्याची आखणी केली. मलेशियातील सेपांग, बहरीन, शांघाय हेही त्याचेच. लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणे सोळा. मूळची सपाट जमीन; तिच्यावर मातीचे भराव टाकून चढउतार उभे केलेले. काही वळणांच्या तोंडाशी रस्ता मुद्दाम रुंद केला आहे. का? तर पुढे घुसण्याचा मोह पडावा, दोन-तीन वाटा दिसाव्यात आणि माणूस चुकावा म्हणून. ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. जुना ट्रॅक चुकीला मारत होता. नवा ट्रॅक चुकीला आमंत्रण देतो, कारण ती पोटात घालण्याची सोय त्याने केलेली असते. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे पहिली शर्यत झाली. तिच्या पहिल्याच सरावाच्या दिवशी सगळे हिशेब चुकवून एक गावठी कुत्रे ट्रॅकवर येऊन धावू लागले आणि जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांना थांबावे लागले. त्या कुत्र्याविषयी मला अजून आपुलकी वाटते. २०११ ते २०१३ अशा तीन शर्यती तिथे झाल्या. तिन्ही जर्मनीच्या सेबास्टियन फेटेलने जिंकल्या, आणि पुढे करमणूक कर वगैरेंच्या वादात ते प्रकरण थंडावले. तिन्ही वर्षांत कोणी चालक दगावला नाही, कोणी मोठा जखमीही झाला नाही.

मग प्रश्न सुटला का? इथे खरी गोम आहे. चूक पोटात घालणारे माप एकदा मोठे झाले, की त्या पोटात चूक आणि लबाडी दोन्ही मावू लागतात. जुन्या काळी चाकाला चाक लागले तर दोघेही मरतील, हे ठाऊक असल्याने कोणी कोणाला जाणूनबुजून धडक देत नसे. गाड्या मजबूत झाल्या, कडेची जागा वाढली, आणि १९९० साली जपानमधील सुझुका येथे आयर्टन सेन्नाने पहिल्याच वळणावर अ‍ॅलन प्रोस्टच्या गाडीवर आपली गाडी घातली. दोघेही बाहेर फेकले गेले, कपडे झाडत चालत परत आले, आणि जगज्जेतेपद सेन्नाला मिळाले. ते जाणूनबुजून केले होते, हे त्याने पुढल्या वर्षी स्वतःच सांगितले. खडीच्या त्या जागेने दोघांना सारख्याच मायेने कुशीत घेतले होते. एकाच्या गुन्ह्याला आणि दुसऱ्याच्या दुर्दैवाला.

पुढे खडीचीही तक्रार सुरू झाली. गाडी रुतली की त्याची शर्यत संपते, पावसात गाडी खडीवरून घसरत जाते, कधी चाक रुतून उलटते. म्हणून अनेक ठिकाणी खडी काढून सपाट डांबर केले. डांबरावर ब्रेक लागतात; गाडी सावरते, परत फिरते. जिवाच्या दृष्टीने अनेक जागी हे चांगलेच. फ्रान्समधील पॉल रिकार्ड येथे त्या डांबरावर निळे-लाल पट्टे ओढले आहेत. निळ्यापेक्षा लाल अधिक खरखरीत, जितके दूर भरकटाल तितके टायर अधिक झिजतील. मापात पाप होऊ नये, याचा हा एक प्रामाणिक प्रयत्न. पण बाकीच्या ट्रॅकवर झाले असे, की वळण रुंद घेऊन चाके बाहेरच्या डांबरावर नेली तर वेळ वाया जाण्याऐवजी वाचू लागला. चूक फायद्याची ठरली. मग कायदा आला: रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ ही सीमा, चारही चाके रेघेपलीकडे गेली की गुन्हा. आणि कायदा आला की दफ्तर आले. २०२३ सालच्या जुलैमध्ये ऑस्ट्रियातील श्पीलबेर्ग येथे एका शर्यतीत रेघ ओलांडल्याच्या बाराशेहून अधिक घटना तपासायला आल्या. पंचांना त्या पुऱ्या पाहता येईनात. शर्यत संपली, बक्षिसे वाटली, प्रेक्षक घरी गेले. आणि काही तासांनी दंडाची नवी यादी निघून निकालातले क्रमांक बदलले.

सीमेवर राहणाऱ्या आपणा लोकांना, रेघ मारणे किती सोपे आणि ती पाळून घेणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको. पण पुढल्या वर्षी त्या ट्रॅकवाल्यांनी जे केले त्याने मला या विषयात ओढले. त्यांनी त्या शेवटच्या वळणांवर कडेला लागून खडीचा एक अरुंद पट्टा टाकला. बस्स, इतकेच. चाक त्यात गेले की गाडी डगमगते, धूळ उडते, वेळ जातो, आणि चालक स्वतःच परत येतो. कॅमेरे, पंच, अपिले यांनी जे साधेना ते चार घमेली गोट्यांनी साधले. शिक्षा तिथल्या तिथे, गुन्ह्याइतकीच, राव-रंक न पाहता, आणि झाल्यावर माणूस शिल्लक उरतो. स्पाने १९६६ साली मागितलेली किंमत आणि सपाट डांबराने माफ केलेली किंमत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी न्याय बसलेला होता. तो या दोन हात रुंद पट्ट्यात सापडला असे मला वाटते. जेंकिन्सनांची चुकीला किंमत हवी ही मागणी तिथे पुरी होते, आणि ती किंमत जीव असू नये ही स्टुअर्टची मागणीही.

एरवी हे सारे एका खेळाच्या कुंपणाआड राहिले असते आणि मी त्याची दखल घेतली नसती. पण बुद्ध सर्किटच्या कुंपणाला लागून यमुना एक्स्प्रेस वे जातो. ग्रेटर नोएडा ते आग्रा, १६५ किलोमीटर. ट्रॅक आणि हा रस्ता एकाच जेपी समूहाने बांधले. रस्ता २०१२ साली खुला झाला. ट्रॅकवर फेटेल तीनशेच्या वेगाने गेला आणि हात हलवत घरी गेला. ८ जुलै २०१९ च्या पहाटे याच रस्त्यावर आग्र्याजवळ लखनौहून दिल्लीला निघालेली बस कठडा ओलांडून नाल्यात कोसळली आणि २९ माणसे मेली. चालकाला डुलकी लागली असावी, असे सांगण्यात आले. डुलकी ही चूक खरी. रात्रभर गाडी हाकणाऱ्याला ती लागते, हे आपल्या एस.टी.च्या कोणाही ड्रायव्हरला विचारा. ट्रॅक बांधणाऱ्याने विचारले असते: डुलकी लागलीच तर? रस्त्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारून, त्याचे उत्तर मिळेपर्यंत थांबणारे कोणी नव्हते. २०२२ या एका वर्षात भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असा सरकारचाच आकडा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडीचा वेग अधिक होता, मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता. या चुका झाल्याच. पण तीन पदरी रस्ता पुलापाशी दोन पदरी होतो आणि पुलाच्या कठड्याची भिंत वाटेत पुढे आलेली असते, हे कोणाचे करणे? ट्रॅकवर अशी उघडी भिंत ठेवून कोणाला परवाना मिळणार नाही.

आपल्या कायद्याने या दोन्ही चुकांना किंमत लावली आहे. २०१९ च्या सुधारित मोटारवाहन कायद्यान्वये पट्टा न लावणाऱ्याला हजार रुपये दंड. आणि रस्त्याची आखणी वा बांधणी मानकाप्रमाणे न केल्याने कोणी मेले वा अपंग झाले, तर जबाबदार संस्थेला एक लाख रुपयांपर्यंत. एकाचे मरण त्याच्या पदरी पूर्ण पडते; दुसऱ्याची चूक लाखात आटोपते. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली हाच हिशेब उलटा मांडला. माणसे चुकणारच, ती चुकली म्हणून मरता कामा नयेत, आणि मेली तर पहिला जाब रस्ता आखणाऱ्याला. त्यांनी तीन पदरी रस्त्यांच्या मधोमध नुसते पोलादी दोरांचे कठडे ओढले, आणि समोरासमोरच्या टकरींनी होणारी मरणे घटली. त्याला फॉर्म्युला वनचा पैसा लागला नाही.

कोगनोळीचा नाका ओलांडला की फलकांची लिपी बदलते. अलीकडे 'अपघातप्रवण क्षेत्र', पलीकडे कानडीत 'अपघात वलय'. दोन सरकारांत एकमत असलेला तेवढा एकच शब्द असावा. शब्द सोयीचा आहे. अपघात म्हटला की करणारा कोणी उरत नाही. जिथे माणसे मरतात हे सरकारला इतके नक्की ठाऊक आहे की तिथे पाटी लावली, तिथे पाटीपेक्षा अधिक काही का नसावे?

इथवर येऊन मला स्वतःलाच एक अडचण उभी राहते. आपल्या जुन्या रस्त्यांच्या कडेला वडाची, चिंचेची झाडे आहेत. बुंध्यांवर गेरू आणि चुन्याचे पट्टे. शर्यतीच्या ट्रॅकच्या कडाही अशाच लालपांढऱ्या रंगवतात. पण त्या कडेवर चाक चढले तर गाडी नुसती थरथरते, आणि वडावर आदळले तर वड हलत नाही. ट्रॅकवाला ही झाडे एका दिवसात तोडेल. स्टुअर्टवर झाडे तोडणारा म्हणून टीका झालीच होती. पुणे-बंगळूर महामार्ग रुंद होताना गेलेली सावली आठवणारी माणसे अजून आहेत, आणि त्यांचे दुःख मला खोटे वाटत नाही. चुकणाऱ्यासाठी वड तोडावा का?

इटलीत इमोला येथे टांबुरेलो नावाचे वळण होते. त्याच्या बाहेर काँक्रीटची भिंत अगदी जवळ. १९८९ साली गेर्हार्ड बर्गरची गाडी तिथे आदळून पेटली. बर्गरने पुढे सांगितले आहे, की तो आणि सेन्ना ती भिंत मागे सरकवता येईल का हे पाहायला गेले. भिंतीमागे सांतेर्नो नदी होती. काही करता येणार नाही म्हणून दोघे परतले. १ मे १९९४ रोजी सेन्ना त्याच भिंतीवर आदळून गेला. आदल्याच दिवशी त्या ट्रॅकवर रोलंड रॅट्झनबर्गर हा ऑस्ट्रियन चालक मेला होता. त्याची आठवण फारसे कोणी काढत नाही. पुढल्या वर्षी नदी हलवली गेली नाही. वळणाच्या आधीच एक डावे-उजवे वाकण घातले, त्यासाठी गाड्यांना वेग पुष्कळ कमी करावा लागतो. नदी तशीच वाहते आहे. जुने जाणते म्हणतात, ते वळण आता पूर्वीसारखे राहिले नाही. आणि ते खरेच आहे.

वडाखालचा दहा किलोमीटर रस्ता ताशी ऐंशीऐवजी चाळीसने गेले तर साडेसात मिनिटे अधिक लागतात. मी हा हिशेब ओळखीच्या काहीजणांपुढे मांडून पाहिला. झाडे तोडायला त्यांतल्या कोणाचीच तयारी नव्हती. साडेसात मिनिटे द्यायला दोघे कबूल झाले. दोघेही आता गाडी चालवत नाहीत.